लेसर-लेखणी : विजेच्या पाट्या घरीं कशा होतात

रेडिओ, घड्याळ किंवा शेतावरील पंप चालू-बंद करणारी पेटी उघडून पाहिली, तर आंत बहुधा एक हिरवी पाटी दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेषा रस्त्यांप्रमाणें गेलेल्या असतात, व त्यांवरून वीज एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे जाते. हिला सर्किट बोर्ड म्हणतात. या लेखांत आपण तिला नुसतें ‘पाटी’ म्हणूं.

कारखान्याकडे नकाशा पाठविला कीं अशी पाटी कांहीं दिवसांनीं टपालानें घरीं येते, व ती महागहि पडत नाहीं. मग ती घरीं करण्याचा खटाटोप कशास? कारण असें कीं, नवें उपकरण योजणाऱ्याची पहिली पाटी सहसा बरोबर येत नाहीं. एक रेषा चुकली कीं पुन्हां नकाशा, पुन्हां टपाल व पुन्हां वाट पाहणें! कोरपन्यांतील एखादा विद्यार्थी कपाशीच्या शेतांतील ओल मोजण्याचें साधें उपकरण करूं पाहील, तर अशा दोन-तीन खेपांत त्याचा उत्साह मावळून जाईल. तीच पाटी घरीं कांहीं तासांत होऊं लागली, तर सकाळची चूक संध्याकाळीं सुधारतां येते. शिकणाऱ्यास हा लाभ लहान नव्हे.

या कृतीचें मूळ छापखान्यांत आहे. गडचांदूर व आवारपूर येथील सिमेंटचे कारखाने ज्या चुनखडकावर चालतात, त्याच जातीच्या परंतु अतिशय बारीक कणांच्या दगडावर बव्हेरियांतील सेनेफेल्डर यानें १७९६ च्या सुमारास शिळाछापाची युक्ति काढली. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं छापलेलें पंचांग याच पद्धतीचें होतें. पुढें छायाचित्रें छापण्याकरितां धातूचे ठसे निघाले. प्रकाशानें कठीण होणारा लेप धातूवर द्यावयाचा, त्यावर चित्राचा प्रकाश पाडावयाचा, कठीण न झालेला लेप धुवून काढावयाचा, आणि उघडा पडलेला धातु अम्लाकडून झिजवावयाचा, अशी ती रीत. जुन्या शालेय वार्षिकांतील छायाचित्रें अशाच ठशांवरून छापलेलीं असत. १९३६ च्या सुमारास लंडन येथें पॉल आइस्लर यानें छापखान्यांतील हीच कल्पना तांब्याच्या पातळ पत्र्यास लावून रेडिओची पाटी तयार केली. जें ठेवावयाचें तें झांकावें, व जें नको तें झिजूं द्यावें, हें या सर्वांतील एकच तत्त्व होय.

घरगुती यंत्रांत लेसरचा किरण लेखणीप्रमाणें फिरून या लेपावर रेषा काढतो. किरण फिरविण्याची नाजूक यंत्रणा भंगारांत सांपडते. जुन्या डीव्हीडी यंत्रांत एक लहान मोटर असते व तिला आट्यांचा दांडा जोडलेला असतो. मोटर एका फेऱ्यांत सुमारें २० पावलें टाकते व तेवढ्यांत दांड्यावरील सरकता भाग सुमारें ३ मिलिमीटर पुढें जातो. म्हणजे एका पावलास अवघे ०·१५ मिलिमीटर! चालक-मंडलानें या पावलाचेहि आणखी भाग पाडतां येतात. अशा दोन यंत्रणा, एक उभी व एक आडवी, बसविल्या कीं किरण पाटीवरील कोणत्याहि बिंदूवर नेतां येतो. मात्र त्यांची धांव चार सेंटिमीटरांहून कमीच असते, म्हणून पाटीहि लहानच होते. मोटरांस हुकूम देण्याचें व लेसर चालू-बंद करण्याचें काम अर्डुइनो नांवाचा छोटा संगणक करतो. इटलींतील इव्हरेया या गांवीं २००५ सालीं तो विद्यार्थ्यांकरितांच तयार झाला.

डीव्हीडी यंत्रांतील लेसर मात्र येथें उपयोगी पडत नाहीं. तो तांबडा असून त्याची तरंगलांबी सुमारें ६५० नॅनोमीटर असते. पाटीवरील लेपास जांभळा किंवा त्यापलीकडील अदृश्य प्रकाशच लागतो. छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलींत तांबडा दिवा चालतो, त्याचें कारण हेंच. म्हणून ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेसर निराळा आणावा लागतो.

आतां कृति पाहूं. काचतंतूच्या तक्त्यावर सुमारें ०·०३५ मिलिमीटर जाडीचें तांबें चढविलेलें असतें. तें घांसून स्वच्छ करावें. लेपाच्या तयार पडद्याचें एका बाजूचें आवरण काढून तो मंद तापलेल्या इस्त्रीनें पिंवळ्या उजेडांत चिकटवावा. मग लेसरनें नकाशा काढावा. प्रथम एका तुकड्यावर तीच रेषा निरनिराळ्या वेगांनीं काढून योग्य वेग ठरवावा. वेग अधिक झाला तर रेषा कच्ची राहते, कमी झाला तर ती पसरते. नंतर दुसरें आवरण काढून पाटी धुण्याच्या सोड्याच्या शेंकडा एक प्रमाणाच्या पाण्यांत हलवावी. प्रकाश न लागलेला लेप निघून जातो. पुढें फेरिक क्लोराइडच्या द्रावणांत उघडें तांबें विरघळतें. शेवटीं कॉस्टिक सोड्यानें उरलेला लेप काढला कीं तांब्याच्या रेषा चकाकूं लागतात.

येथें दोन धोके नीट ध्यानांत धरावे. जांभळा किरण डोळ्यास फिका दिसतो, म्हणून तो सौम्य आहे असा भ्रम होतो. प्रत्यक्षांत त्याचें तांब्यावरून उलटलेलें तेजहि दृष्टि कायमची नासवूं शकतें. उन्हाचा साधा काळा चष्मा येथें निरुपयोगी आहे. ४०५ नॅनोमीटरकरितांच केलेला चष्मा हवा; आणि झांकण उघडतांच लेसर विझेल अशी बंद पेटी तर हवीच. दुसरा धोका रसायनांचा. तीं प्लास्टिकच्या भांड्यांत, हातमोजे घालून व शिक्षकांच्या देखरेखीखालींच हाताळावीं. वापरलेल्या द्रावणांत विरघळलेलें तांबें असतें व तें माशांस विष होतें. आपल्या नाल्यांचें पाणी शेवटीं वर्धेस मिळतें, हें स्मरून तें द्रावण नाल्यांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये. नांव लिहिलेल्या डब्यांत सांठवून योग्य विल्हेवाटीस द्यावें.

पुणें जिल्ह्यांतील पाबळ या गांवीं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला. तेथें २००२ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या साहाय्यानें ‘फॅब लॅब’ नांवाची कार्यशाळा निघाली. त्या संस्थेबाहेर निघालेल्या अशा कार्यशाळांत ती अगदीं आरंभींची होय. अशा कार्यशाळांत पाटीवरील तांबें बहुधा एका बारीक यंत्रानें खरवडून काढतात. तेथें रसायन लागत नाहीं, पण यंत्र महाग पडतें. रीत कोणतीहि असो, खेड्यांतील मुलें आपलीं उपकरणें आपण घडवूं शकतात, हें पाबळनें दाखविलें आहे.

पालकांस विनंति इतकीच कीं, मोडकें डीव्हीडी यंत्र भंगारांत देण्यापूर्वीं, त्याची वीज तोडून, मुलांस तें उघडून पाहूं द्यावें. आणि पुढें लेसरचें काम निघालें, तर जाणत्या वडील माणसानें शेजारीं बसावें.