बोथट तलवारीची चित्रफीत

जुना कार्टूनपट म्हटले की डोळ्यांपुढे मिकी उंदीर उभा राहतो. पण ज्यांचे नावही कोणी घेत नाही, त्या कार्टूनपटांत कसली मौज असते? आणि लोक ते जमवतात तरी कशासाठी? वाचकहो, एक उदाहरणच पाहा.

1917 साली जपानमध्ये जुनइची कोउची या चित्रकाराने 'नामाकुरा गाताना', म्हणजे 'बोथट तलवार', हा मूकपट केला. एक भोळसट सामुराई तलवार विकत घेतो, तिची धार पाहायला वाटसरूंवर धावून जातो आणि उलट स्वतःच मार खातो. बस्स, गोष्ट एवढीच! पण ती पाहताना आजही हसू येते, कारण फजितीला भाषा लागत नाही.

1923 चा टोकियोचा भूकंप आणि पुढे युद्धातले बॉम्बहल्ले यांत जपानचे कितीतरी जुने चित्रपट गेले. शिवाय नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेणारी आणि नुसती ठेवली तरी कुजणारी. तेव्हा हाही गेला असेच लोक समजत होते. 2007 साली तो ओसाकाच्या जुन्या बाजारात सापडला.

हे घडू शकते ते असे. त्या काळी चित्रपटगृहांत झिजलेल्या प्रतींचे तुकडे करून ते घरच्या खेळण्यातल्या प्रोजेक्टरसाठी विकत. मोठ्यांनी टाकून दिलेले पोरांच्या खेळण्यांत टिकले!

दुसरी गंमत ऐका. मिकीच्या आधी वॉल्ट डिस्ने यांनी ओस्वाल्ड नावाच्या सशाचे 26 पट काढले होते. त्यांपैकी 1928 च्या एका हरवलेल्या पटाचा तुकडा 2018 मध्ये जपानी संग्राहकाकडे मिळाला. त्याने तो शाळकरी वयात 500 येनला घेतला होता, आणि वर नाव होते मिकीचे!

संग्राहकाचे मोल इथे कळते. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्यांना नाचवून केलेला 'आगकाड्यांची मौज' मात्र असा कोणाच्या हाती लागला नाही. तो आज उपलब्ध नाही.

म्हणून एवढेच सांगतो. माळ्यावरच्या ट्रंकेत जुने रीळ निघाले तर ते भंगारात देऊ नका. हौसेने यंत्रावरही चढवू नका. सुकलेली फिल्म तुटते. डब्यावरच्या नावावर विश्वास न ठेवता ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या जाणत्या ठिकाणी दाखवा. कोण जाणे, जगातली ती एकुलती एक प्रत असायची!