टू-व्हीलरच्या धंद्यात आता उतरावं का?



मागच्या सोमवारी दर्यापूरकडचा एक पोरगा दुकानात आला. वय बावीस, आयटीआय झालेला, दोन वर्षं अमरावतीत गॅरेजवर काम केलेलं. म्हणाला, "भाऊ, बाबा दोन लाख देतो म्हणते. सोयाबीनचा पैसा आला हाय. गावात स्पेअर पार्टचं दुकान अन् गॅरेज टाकू का? पण सारे म्हणून राह्यले का आता इलेक्ट्रिक आली, बाइकचा धंदा बसला."

मी लगेच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कास्तकाराच्या घरातले दोन लाख म्हणजे नुसतं भांडवल नसतं. त्यातच पुढच्या खरिपाचं बी-बियाणं आणि घरातलं दुखणंखुपणं असतं. म्हणून आधी त्याला माझी चूक सांगितली.

माझा वरच्या रॅकवरचा माल

२०१९ ची दिवाळी. होलसेलवाल्याची स्कीम होती. मी कार्बोरेटर आणि त्याचे किट मिळून साठ हजारांचा माल उचलला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू होणार, हे सरकारने २०१६ मध्येच सांगून ठेवलं होतं. मी पेपरात वाचलंही होतं. बीबीए केलेला माणूस, पण बातमीचा आणि माझ्या रॅकचा संबंध लावला नाही. नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. वरून लॉकडाऊन लागला.

जुन्या गाड्या रस्त्यावर होत्या, त्यामुळे माल विकला गेला, पण मुंगीच्या चालीने. काही डबे आजही वरच्या रॅकवर आहेत. शिकलो ते एवढंच: धंदा एका दिवसात बसत नाही, पण कुठल्या मालाचं गिऱ्हाईक वाढणं थांबलं ते ओळखलं नाही, तर पैसा अडकतो.

आकडे काय म्हणतात?

"पोरं आता बाइक घेत नाहीत" हे कितपत खरं? कंपन्यांच्या संघटनेचे देशाचे आकडे बघा.

२०१८-१९ मध्ये देशात सुमारे २ कोटी १२ लाख टू-व्हीलर विकल्या गेल्या. २०२१-२२ मध्ये आकडा १ कोटी ३५ लाखांच्या आसपास घसरला. २०२४-२५ मध्ये परत १ कोटी ९६ लाखांवर आला.

आता याच आकड्याच्या आत बघा. २०१८-१९ मध्ये मोटरसायकल १ कोटी ३६ लाख होत्या, २०२४-२५ मध्ये १ कोटी २२ लाख. स्कूटर तेव्हा ६७ लाख, आता ६८ लाखांच्या वर. म्हणजे स्कूटरने जुना आकडा ओलांडला, मोटरसायकल अजून मागे आहे. इलेक्ट्रिक २०२४-२५ मध्ये साडेअकरा लाखांच्या आसपास, म्हणजे शंभरात सहा. आणि त्या जवळपास सगळ्या स्कूटरच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यामुळे हप्ताही थोडा हलका झाला. बाइक संपली असं हे आकडे म्हणत नाहीत. पण घरात दुसरी गाडी आली की ती स्कुटी असते, हे आपल्यालाही दिसतंच.

जपानमध्ये काय झालं?

जपान म्हणजे होंडा, यामाहा, सुझुकीचं माहेर. १९८२ मध्ये तिथे एका वर्षात ३२ लाखांहून जास्त टू-व्हीलर देशात खपल्या. आता चार लाखांच्या आसपास. त्याच काळात तिथल्या शाळा-पालकांनी मोहीम चालवली: पोरांनी लायसन्स काढायचं नाही, गाडी घ्यायची नाही, चालवायची नाही. शहरात रेल्वे होतीच. आज तिथे नवी गाडी घेणाऱ्याचं सरासरी वय पन्नाशीच्या पुढे आहे.

आपल्याकडे असं होईल का? मला नाही वाटत. एसटीची फेरी चुकली की आपल्या गावात दिवस जातो. दुधाची कॅन, खताची बॅग, शाळेत जाणारी दोन लेकरं, सारं गाडीवरच. इथे गाडी शौकाआधी कामाची आहे.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पोरगा पहिली गाडी कुठली शिकतो, त्यावर पुढचं ठरतं. गिअरच्या गाडीचं लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीला लायसन्स लागत नाही. अकोल्यात क्लासला जाणारी अकरावी-बारावीची पोरं-पोरी त्यावर दिसतात. ज्याचा हात विनागिअरच्या गाडीवर बसला, त्याला गिअरची गाडी घ्यायला कारण लागतं.

गिऱ्हाईक एक नाही, चार आहेत

१. कामाची बाइक: १०० ते १२५ सीसी. पहिला प्रश्न "अ‍ॅव्हरेज किती देते?" याला ऑइल, चेन सॉकेट, क्लच प्लेट, ब्रेक लायनर, टायर लागतं. माल स्वस्त, पण रोज जातो.

२. स्कुटी: बेल्ट, रोलर, बॅटरी, ब्रेक. चालवणाऱ्या बहुतेक ताई-काकू. त्यांना गॅरेजवर तासभर उभं राहायला आवडत नाही. घरून गाडी नेऊन घरी आणून दिली, तर त्या दुसरीकडे जात नाहीत.

३. इलेक्ट्रिक: ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही. पण टायर, ब्रेक, बेअरिंग, शॉकअप झिजतंच. बॅटरी आणि मोटरला शिकल्याशिवाय हात लावायचा नाही.

४. शौकाची गाडी: पावसाळ्यात चिखलदऱ्याला जाणारी पोरं. संख्या कमी, पण हेल्मेट, ग्लोव्हज, मोबाइल होल्डरला हात आखडत नाहीत. हेल्मेट आयएसआयचंच ठेवा. १ जून २०२१ पासून तसा कायदाच आहे.

चारही यादीत टायर आणि ब्रेक आहे. अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना ७५ किलोमीटरचा विक्रमी डांबरी पट्टा २०२२ मध्ये झाला. रस्ता चांगला झाला की पोरं जोरात हाणतात. मग पेट्रोल असो की चार्जिंग, गाडी थांबवायला ब्रेकच लागतो.

मग त्या पोराचं काय झालं?

मी त्याला म्हटलं, "मला विचारू नको. वही घे, बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडसमोर दोन तास उभा राह्य. कोणती गाडी, कोण चालवते, लिहून काढ."

गुरुवारी आला. वही भरलेली. १०० सीसीच्या बाइक सगळ्यात जास्त, हे अपेक्षितच होतं. इलेक्ट्रिक बोटावर मोजण्याइतक्या. पण म्हणाला, "भाऊ, स्कुट्या एवढ्या असतीन असं वाटलं नव्हतं. अन् गावात त्याचा बेल्ट बदलणारं कोणीच नाही!"

तिथेच त्याचा धंदा सापडला. आता दुकानाचा विचार बाजूला ठेवला आहे. आधी गॅरेज: औजारं, इंजेक्शनच्या गाड्यांसाठी स्कॅनर आणि पंधरा दिवसांत विकला जाईल एवढाच माल. खर्च एक लाख दहा हजार. नव्वद हजार बाबाकडे परत, खरिपासाठी. सहा महिन्यांनी हिशेब बघून पुढचं ठरवायचं.

या आठवड्याचं काम

तुमचा धंदा कोणताही असो, दोन तास उभं राहून मोजा. शंभर गिऱ्हाइकं वहीत लिहा. मग दुकानातल्या प्रत्येक रॅकसमोर उभं राहून स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा माल घेणारा तीन वर्षांनी वाढेल की कमी होईल? कमी होणार असेल, तर स्कीम कितीही गोड असू द्या, उचलू नका.

माझ्या वरच्या रॅकवर अजून जागा आहे, पण तुमचा माल तिथे नको.

भेटू पुढच्या व्हिडिओत.