पाणीपट्टीत सूट? आधी पाण्याची तारीख सांगा!

पगार झाला, की पुण्या-मुंबईतून गावाकडे पैसे जातात. आईच्या बीपीच्या गोळ्या, बाबांची शुगरची तपासणी, किराणा, लाइटबिल... सगळा हिशेब आपल्या मोबाइलमध्ये फिट असतो. पाण्याचा मात्र नसतो. पाणीपट्टी वर्षाकाठी ठरलेली, ती कोण लक्षात ठेवणार? पण घरात कुणी अंथरुणाला खिळलं, की हाच विसरलेला खर्च सगळ्यांत आधी डोकं वर काढतो.

उदाहरणार्थ अंकुशनगर घ्या. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं, समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखलं जाणारं गाव. जायकवाडीचा डावा कालवा याच तालुक्यातून जातो. तरीही २०१२-१३ च्या दुष्काळात सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांमध्ये जालना होता. कालवा शेताजवळून जातो, म्हणून घरातला ड्रम भरतोच असं नाही, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

एका आजाराला किती बादल्या?

जलजीवन मिशनचा हिशेब आहे माणशी रोज ५५ लिटर. चौघांचं घर असेल तर २२० लिटर. नळाला पाचव्या दिवशी पाणी येत असेल, तर घरात किमान ११०० लिटर साठवायला हवं. हे झालं धडधाकट घराचं.

आता समजा, आजोबांचा लघवीवर ताबा राहिलेला नाही. दिवसातून दोनदा जास्तीचं अंग पुसणं, चादरी, कपडे, फरशी. पंधरा लिटरच्या पाच बादल्या धरल्या, तरी ७५ लिटर झाले. म्हणजे घरात आणखी एक माणूस राहायला आल्यापेक्षा जास्त! आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर पिशवी लावलेला पेशंट, सोरायसिसचा पेशंट, आतड्याच्या जुनाट सुजेमुळे वारंवार संडासला जावं लागणारा पेशंट... सगळ्यांचं गणित थोड्याफार फरकानं हेच.

डायलिसिसचा प्रकार तर अजबच. पेशंटला स्वतःला पाणी मोजून प्यावं लागतं, पण चार तासांच्या एका सेशनला मशीन साधारण १२० लिटर शुद्ध पाणी वापरतं. ते सेंटरमध्ये झालं तर पाण्याची काळजी सेंटरची. पण घरी पोटातून डायलिसिस करणाऱ्याला प्रत्येक पिशवी बदलताना हात स्वच्छ धुवावेच लागतात. तिथे काटकसर केली, तर पोटात इन्फेक्शन व्हायची भीती. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. घरातल्या बादल्या मात्र कुठल्याच योजनेत बसत नाहीत.

तिकडचा फंडा

ब्रिटनमध्ये यावर एक उपाय आहे. त्याचं नाव वॉटरशुअर. इंग्लंडमध्ये १९९९ च्या नियमांतून तो आला. घराला मीटर आहे, घरात कुणाला ठरावीक सरकारी भत्ता मिळतो आणि कुणाला जास्त पाणी लागणारा आजार आहे, अशा घराचं बिल त्या कंपनीच्या सरासरी बिलापेक्षा वर जात नाही. वापर कितीही होवो! लहानमोठी तीन किंवा जास्त मुलं असलेल्या घरांनाही हीच सोय. त्याच वर्षीच्या कायद्यानं बिल थकलं म्हणून घराचं पाणी तोडायलाही बंदी घातली.

ऐकायला मस्त आहे. पण त्यातही गोम आहे. सरकारी भत्त्याची अट असल्यामुळे वर्क व्हिसावर गेलेल्या आपल्या मराठी आयटीवाल्यांना ही सवलत सहसा मिळत नाही. त्यांच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर! आजारी, वृद्ध, तान्ह्या बाळाचं घर अशा कुणालाही त्यात फुकट नाव नोंदवता येतं. पगार कुणी विचारत नाही. पाणी बंद राहणार असेल तर या घरांना आधी कळवलं जातं आणि गरज पडली तर बाटलीबंद पाणी दारात पोचवलं जातं.

आपल्याकडे काय चालेल?

केवळ आजारपणासाठी पाणीपट्टी कमी करणारी राज्यभराची योजना महाराष्ट्रात नाही. ती आणली, तरी अंकुशनगरसारख्या गावात किती फरक पडेल? जिथे मीटर नाही, तिथे जास्त वापराचं बिलच येत नाही. खरा पैसा जातो टँकरला आणि वीस लिटरच्या जारला. तो कुठल्याच सरकारी पावतीवर नसतो, मग सूट कशावर देणार?

म्हणून आपल्यासाठी सवलतीपेक्षा यादी जास्त मोलाची. गावात जास्त पाणी लागणारे पेशंट किती, हे आशाताईंना बहुतेक ठाऊक असतं. ही घरं ग्रामपंचायतीच्या वहीत आली, पाणी कधी येणार ते त्यांना आधी कळलं आणि टँकर आला तर आधी त्यांच्या दारात थांबला, तर खर्च जवळजवळ शून्य. पाणी कधी येणार हेच ठाऊक नसलं, की माणूस हात आखडतो. आजारी माणूस तर आधी स्वतःचाच! अंघोळ टाळतो, संडासला जावं लागू नये म्हणून कमी पितो आणि कुणाला सांगतही नाही.

या वीकेंडला एवढं करा

• घरी फोन केलात, की तब्येतीबरोबर एक प्रश्न जास्त विचारा : पाणी किती दिवसांनी येतं आणि टाकी किती लिटरची आहे?

• टँकर आणि जारचा महिन्याचा खर्च औषधांच्याच हिशेबात लिहा.

• पेशंटकडे दिव्यांग प्रमाणपत्र असेल, तर ग्रामपंचायतीकडे अर्ज करा. स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी तिनं दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन आणि थॅलेसेमिया आहेत, किडनी निकामी होणं मात्र नाही.

• प्रमाणपत्र नसेल, तर ग्रामसभेत यादीचा विषय मांडायला घरच्यांना सांगा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली तर उत्तम.

आणि सुट्टीला गावी गेलात, की आजोबांना विचारून बघा, 'अंघोळ रोज करता ना?' उत्तर द्यायला त्यांनी वेळ लावला, तर समजा, टाकी मोठी घ्यायची वेळ आली आहे.