गाडीचं अ‍ॅव्हरेज जातं कुठं?

आज आपण गाडीबद्दल बोलणार आहोत. "ते पुरुषांचं काम" म्हणून रेडिओ बंद करू नका, कारण गोष्ट गाडीची असली तरी सुरू झाली ती गटाच्या कर्जवहीतून.

माणमधल्या एका गावात आम्ही बैठकीला गेलो होतो. तिथल्या एका ताईंनी गटाच्या कर्जातून जुनी मोटारसायकल घेतली होती. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचं आणि बाजारच्या दिवशी भाजी न्यायची. पहिले हप्ते वेळेवर आले, नंतर दोन चुकले. विचारलं तर म्हणाल्या, "ताई, सगळा पैसा पेट्रोलला जातोय. चढाला गाडी दम टाकते. गॅरेजवाला म्हणतो इंजिन खोलावं लागंल, सहा-सात हजार लागतील." त्यासाठी त्यांना दुसरं कर्ज हवं होतं आणि गट सही करायच्या बेतात होता.

आम्ही म्हटलं, आधी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवू. शेजारच्या गावातल्या एका जुन्या मिस्त्रींनी इंजिनला हातच लावला नाही. बाजूचा डबा उघडून एअर फिल्टर काढला आणि फरशीवर आपटला, तर मूठभर माती पडली. त्यांनी नवा फिल्टर टाकला, कार्बोरेटर साफ केला आणि एक स्क्रू थोडा फिरवला. पाचशेच्या आत काम झालं. कर्जाचा अर्ज ताईंनी स्वतःच मागं घेतला.

त्या दिवसापासून आम्ही सहयोगिनी हे काम समजून घेतोय. आमच्याही गाड्या दिवसभर याच रस्त्यांवर असतात.

चुलीसारखंच आहे

चुलीत लाकडं कोंबली आणि हवा मिळाली नाही, तर धूर होतो, भांडी काळी होतात, लाकूड जास्त लागतं आणि भाकरी वेळेवर होत नाही. इंजिनचंही तसंच. पेट्रोल एकटं जळत नाही, त्याला हवा लागते. वजनानं बघितलं तर एक भाग पेट्रोलला साधारण १५ भाग हवा. हवा हलकी असते, म्हणून एक लिटर पेट्रोल जळायला नऊ-दहा हजार लिटर हवा लागते. टंचाईत गावात येणारा पाण्याचा मोठा टँकर डोळ्यांपुढं आणा. तेवढी हवा, आणि ती सगळी त्या वीतभर फिल्टरमधून जाते. आपल्याकडचे फुफाट्याचे रस्ते, हंगामातले उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्यामागची धूळ, हे सगळं त्या फिल्टरवर बसतं.

हवा आणि पेट्रोल यांचा मेळ घालतो तो कार्बोरेटर. त्याच्या तळाशी छोटी वाटी असते. तिच्यात तरंगता फ्लोट असतो, टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या चेंडूसारखा. वर एक निमुळता गळा असतो. इंजिन हवा ओढतं, गळ्यात हवेचा वेग वाढतो, तिथला दाब कमी होतो आणि वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर ओढलं जातं. त्या भोकाला जेट म्हणतात. फिल्टर बुजला की हवा कमी येते आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. म्हणजे गाडीची ताकदही कमी आणि खर्चही जास्त.

आधी मोजा, मग दुरुस्ती

"अ‍ॅव्हरेज कमी झालं" हे अंदाजानं ठरवू नका. टाकी काठोकाठ न भरता ठरलेल्या खुणेपर्यंत भरा आणि मीटरचा आकडा लिहा. दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. झालेल्या किलोमीटरला लागलेल्या लिटरनं भागा.

समजा गाडी रोज ४० किलोमीटर चालते आणि अ‍ॅव्हरेज ६० वरून ४५ वर आलं. हिशोबाला पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. रोज साधारण २२ रुपये जास्त, महिन्याला साडेसहाशेच्या वर. बऱ्याच गटांत एका बाईचा हप्ता एवढाच असतो.

गाडी काय सांगते ते ऐका

पेट्रोल जास्त जात असेल तर काळा धूर येतो, पेट्रोलचा वास येतो आणि प्लग काजळीनं काळा होतो. हवा जास्त होत असेल तर गाडी लवकर तापते, चोकशिवाय नीट चालत नाही, रेस सोडल्यावर फटफट आवाज करते आणि प्लग पांढरा पडतो. प्लग बिस्किटासारखा तपकिरी दिसला, तर मेळ बरोबर आहे.

फिल्टर: हे घरी करता येतं

फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि सावलीत पूर्ण वाळवा. मग इंजिन ऑइलचे थोडे थेंब लावून हलकं दाबा. फिल्टर कोऱ्या कागदाचा असेल तर कधीच धुवायचा नाही. हलका झटकायचा, नाहीतर आतून बाहेर हलकी हवा मारायची. कागद तेलकट असेल तर साफ करायचा नाही, बदलायचाच. पुस्तिकेत बदलायचे किलोमीटर दिलेले असतात. धुळीच्या रस्त्यावर त्याआधीच बघा.

स्क्रू: हे मिस्त्रीसमोर उभं राहून करून घ्या

फिल्टर साफ केल्याशिवाय स्क्रूला हात लावू द्यायचा नाही. नाहीतर घाणेरड्या फिल्टरवर मेळ बसवला जातो आणि फिल्टर बदलला की पुन्हा बिघडतो.

कार्बोरेटरला दोन स्क्रू असतात. एक स्लो स्क्रू, गाडी उभी असताना इंजिन किती वेगानं चालावं ते ठरवणारा. दुसरा मेळाचा. हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो बाहेर काढला की हवा वाढते. इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढला की पेट्रोल वाढतं.

गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करा. मेळाचा स्क्रू हलक्या हातानं आत फिरवत किती फेऱ्या लागल्या ते मोजा आणि वहीत लिहा. जोर लावला तर त्याचं टोक खराब होतं. तेवढ्याच फेऱ्या बाहेर काढून गाडी सुरू करा. आता पाव-पाव फेरी फिरवा आणि दर वेळी थोडं थांबून ऐका. आवाज जिथं सगळ्यात चढा आणि एकसारखा होतो, ती जागा बरोबर. मग स्लो स्क्रूनं वेग खाली आणा. शेवटी रेस झटकन वाढवून बघा. गाडी अडखळली नाही म्हणजे काम झालं.

हे उघड्यावरच करा. बंद गोठ्यात किंवा पडवीत चालू गाडीचा धूर कोंडला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. जवळ चूल, उदबत्ती, विडी नको. पदर आणि ओढणी खोचून घ्या.

या चुका करू नका

जेट साफ करायला स्टोव्हची पिन किंवा तार घालू देऊ नका. जेट मऊ पितळेचं असतं. भोक केसभर मोठं झालं तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते.

"फिल्टर काढून टाक, गाडी पळते बघ," असं पोरं म्हणतात. चार दिवस आवाज मोठा येतो, पण धूळ थेट इंजिनमध्ये जाऊन रिंगा आणि सिलिंडर घासते. मग मात्र खरोखर इंजिन खोलावं लागतं.

वाईहून पसरणी घाट चढून महाबळेश्वरला कामाला जाणाऱ्यांनो, तिथं गाडी जड वाटली तर घाबरू नका. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, तिथली हवा विरळ असते. एका दिवसासाठी स्क्रू फिरवू नका.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आपल्याच उसापासून बनणारं. ते पाणी शोषतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि वाटीतलं पेट्रोल काढायला सांगा.

एप्रिल २०२० पासूनच्या नव्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक कार्बोरेटर नसतो, पेट्रोलचं माप यंत्रच ठरवतं. तिथं स्क्रू शोधू नका. फिल्टर मात्र तिथंही तेवढाच महत्त्वाचा.

आमच्या गटांत आता एक नियम झालाय. गाडीच्या दुरुस्तीसाठी कर्ज मागायचं असेल तर अर्जासोबत तीन गोष्टी आणायच्या: दोन वेळचं अ‍ॅव्हरेज, काढलेला प्लग आणि काढलेला फिल्टर. बैठकीत तो फिल्टर सगळ्यांसमोर कागदावर आपटायचा. माती पडली तर आधी नवा फिल्टर, मग कर्जाचं बोलू.

या आठवड्यात आपापल्या गाडीचा डबा उघडा. काय निघालं ते पुढच्या बैठकीत सांगा. नमस्कार.