ठिबक कंट्रोलरची सेटिंग ताडून पाहा, पाण्यातील तफावत शोधा



फळबागांत ठिबक संचाबरोबर स्वयंचलित कंट्रोलर बसविल्यास मजुरी व रात्रीचे जागरण वाचते. मात्र कंट्रोलर स्वतःच्या मनाने काही ठरवीत नाही. त्यात जे भरलेले असेल तेवढेच तो करतो. एकाच वयाच्या, एकाच जातीच्या व सारख्या जमिनीतील दोन बागांपैकी एकीत वाफसा टिकतो आणि दुसरी सतत ओली राहते, असे दिसल्यास प्रथम ड्रीपर, फिल्टर व पाण्याचा दाब तपासावा. तेथे दोष न आढळल्यास दोन्ही कंट्रोलरची सेटिंग ताडून पाहावी. डाळिंबासारख्या पिकात हे फार महत्त्वाचे आहे. पाण्याच्या अनियमितपणामुळे फळे तडकतात, तर सतत ओल राहिल्यास मुळांना हवा मिळत नाही व मर रोगास अनुकूल स्थिती निर्माण होते.

पूर्वतयारी

१) कोणताही बदल करण्यापूर्वी दोन्ही कंट्रोलरमधील प्रत्येक नोंद वहीत उतरून घ्यावी.
२) दोन्हीकडील नोंदी एकाच क्रमाने लिहाव्यात. क्रम वेगळा असल्यास सारख्या गोष्टीही वेगळ्या भासतात.
३) सर्व आकडे एकाच एककात आणावेत.

समजा, डाळिंबाच्या दोन बागांच्या नोंदी पुढीलप्रमाणे आहेत :

| बाब | बाग १ | बाग २ | निष्कर्ष |
|---|---|---|---|
| सुरू होण्याची वेळ | सायंकाळी ६ | १८:०० | जुळते |
| चालण्याचा काळ | १ तास | ६० मिनिटे | जुळते |
| पाळी | दररोज | सोमवार ते रविवार | जुळते |
| द्रावणाची ईसी | १.५ मिलिसीमेन्स | १५०० मायक्रोसीमेन्स | जुळते |
| हंगामी टक्केवारी | १०० | १३० | फरक |
| पावसाचा सेन्सर | चालू | बंद | फरक |

पहिल्या चार ओळींतील फरक केवळ लिहिण्यातला आहे. खरा फरक शेवटच्या दोन ओळींत आहे. हंगामी टक्केवारी ही भरलेल्या वेळेला गुणते. प्रत्येक झाडास ताशी ४ लीटरचे ४ ड्रीपर असल्यास पहिल्या बागेत ६० मिनिटांत १६ लीटर पाणी मिळते. दुसऱ्या बागेत संच ७८ मिनिटे चालतो व झाडास २०.८ लीटर पाणी मिळते. म्हणजे झाडामागे रोज ४.८ लीटर पाणी जास्त! ३०० झाडांच्या बागेत हे १,४४० लीटर होते. उन्हाळ्यात वाढविलेली टक्केवारी पुढे कमी करावयाची राहून गेल्यास असे घडते. शिवाय सेन्सर बंद असल्याने पावसाच्या दिवशीही संच चालतो.

दिसायला सारखे, पण वेगळे

काही फरक सहज नजरेस पडत नाहीत, म्हणून पुढील बाबी मुद्दाम पाहाव्यात.

• एका कंट्रोलरमध्ये दुसरा प्रोग्राम भरलेला राहिला आहे काय? तसे असल्यास तोच व्हॉल्व्ह दिवसातून दोनदा उघडतो.
• दोन्हींचे घड्याळ व तारीख बरोबर आहे काय?
• 'व्हॉल्व्ह २' हा प्रत्यक्षात कोणत्या पट्ट्यास जोडलेला आहे?
• क्षारांचे मोजमाप पीपीएममध्ये असल्यास मीटरची पट्टी कोणती? ५०० च्या पट्टीवर १००० पीपीएम म्हणजे ईसी २.०, तर ७०० च्या पट्टीवर सुमारे १.४३ होते. आकडा एकच, द्रावण मात्र वेगळे.

संगणकाची मदत

नोंदी बऱ्याच असतील तर संगणकावरील तक्त्यात शेजारच्या दोन रकान्यांत भराव्यात व दोन्ही रकाने समान आहेत काय, हे सूत्राने तपासावे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात तयार झालेला 'डिफ' हा प्रोग्राम याच तत्त्वावर दोन फायली ओळीओळीने ताडून वेगळ्या ओळी दाखवितो. परंतु संगणक फक्त अक्षरे व आकडे पाहतो. '१ तास' व '६० मिनिटे' त्याच्या लेखी वेगळेच आहेत. म्हणून एकक आधी सारखे करणे हे आपले काम आहे.

दुरुस्ती करताना

प्रत्येक फरक म्हणजे चूक नव्हे. हलक्या जमिनीत थोडे थोडे पाणी वारंवार द्यावे लागते, भारी जमिनीत पाळी लांबते. जमीन, झाडांचे वय किंवा बहार वेगळा असेल तर सेटिंगही वेगळे असणारच. ज्या फरकाचे कारण सांगता येत नाही, तोच दुरुस्त करावा. एका वेळी एकच बदल करावा, तारीख लिहून ठेवावी व मुळांच्या कक्षेतील माती हातात घेऊन ओल पाहावी. त्यानंतरच पुढील बदल करावा. सर्व बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाने फरक पडला हे कळत नाही.

बहार धरताना, पावसाळ्याच्या सुरुवातीस व कंट्रोलर दुरुस्त करून आणल्यावर अशी तुलना अवश्य करावी. सेटिंगची वही कंट्रोलरच्या पेटीजवळच ठेवल्यास घरातील कोणासही ती पाहून काम करता येईल व पाणी, खत आणि वीज यांचा अपव्यय टळेल.