पत्ता उजवीकडून वाचावा

संगणकाची तोंडओळख करून देणारी बहुतेक पुस्तकं शब्दांच्या यादीने सुरू होतात : ब्राउझर, सर्व्हर, डोमेन, यूआरएल. यादी पाठ होते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर भलतीच लिंक येऊन पडली की तिचा काडीचाही उपयोग होत नाही. नवख्या माणसाने आधी वेबसाइटचा पत्ता वाचायला शिकावं. बाकीचे शब्द त्याच ओघात कळत जातात. इंटरनेट म्हणजे जगभरचे संगणक जोडणारं जाळं आणि वेब म्हणजे त्या जाळ्यावरची, पानं दाखवणारी एक सोय. टिम बर्नर्स-ली यांनी ती १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संस्थेत सुचवली. फोनमधलं क्रोम किंवा फायरफॉक्स हे ब्राउझर. ते पान मागतं आणि सर्व्हर नावाचा दूरचा संगणक ते धाडतो. सर्व्हर गाठायचा तो आकड्यांच्या आयपी पत्त्यावर. हे आकडे लक्षात कोण ठेवणार? म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून आकडा शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था आखली. या व्यवस्थेतलं नाव म्हणजे डोमेन.

पाकिटावर आपण नाव, मु. पो., तालुका, जिल्हा असं लहानाकडून मोठ्याकडे लिहीत जातो. डोमेनचंही तसंच. ‘महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ यात शेवटचं ‘इन’ भारताचं, त्याआधीचं ‘गव्ह’ सरकारी, मग राज्य आणि मग योजनांचं संकेतस्थळ. मालक कोण, हे उजव्या टोकाकडून ठरतं. डावीकडे मालक वाटेल ते लिहू शकतो. समजा पत्ता ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन डॉट लाभयोजना डॉट कॉम’ असा आला. यात सरकारचा काही संबंध नाही. ‘लाभयोजना डॉट कॉम’ हे नाव ज्याने घेतलं, त्याची ही जागा. डॉट कॉम पैसे भरणाऱ्या कुणालाही मिळतं, गव्ह डॉट इन फक्त सरकारी संस्थांना. वाचताना सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडाव्यात आणि पुढे पहिली एकेरी रेघ येईल तिथे थांबावं. त्यापलीकडे फक्त आतल्या पानाची वाट असते.

कुणी म्हणेल, कुलपाचं चिन्ह दिसलं की झालं. नाही झालं. कुलूप, म्हणजेच एचटीटीपीएस, एवढंच सांगतं की वाटेत तुमची माहिती तिसरा कुणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे की लबाड, याची हमी ते देत नाही. लोकांचा हा गैरसमज जाईना, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं. दुसरा आक्षेप असा की, आता सगळं अ‍ॅपवर चालतं, पत्ता बघतो कोण? पण फसवणारा माणूस तुम्हाला अ‍ॅपमधून बाहेर काढतो तो लिंक पाठवूनच.

इंग्रजी लिपीचा आक्षेप मात्र खरा आहे. ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं, पण फारसं कुणी वापरत नाही. शिवाय इंग्रजीतलं छोटं आर आणि एन शेजारी आले की लहान पडद्यावर ते हुबेहूब एम दिसतात. तिथे शिकलेलेही फसतात. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली यायला सांगितलं, ते मला जागृतीच्या जाहिरातींपेक्षा मोलाचं वाटतं : ग्राहकाने ओळखायची अक्षरं त्यामुळे मोजकी आणि ठरलेली राहतात. आखूड केलेल्या लिंका आणि क्यूआर कोड पत्ता झाकूनच ठेवतात. पैशाचा मामला असेल तर तिथे लिंक न उघडता बँकेचा पत्ता आपल्या हाताने टाइप करावा.