दुसरा गाल

वर्धा जिल्ह्यातील कर्करोगाच्या रुग्णांची नोंद 2010 पासून सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ठेवली जाते. जिल्ह्यातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग अग्रभागी आहे आणि त्याचे मुख्य कारण पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळते: सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा खर्रा. मात्र अशा नोंदवह्यांत एक फट राहते, तीही कुणाच्या हलगर्जीपणामुळे नव्हे. नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय नियमात ओठ, हिरडी, टाळू, जिभेखालची जागा आणि गाल हा सगळा एकच गट धरतात. उजव्या गालाची गाठ काढली आणि सात वर्षांनी डाव्या गालात त्याच जातीची नवी गाठ उगवली, तरी मोजणीत कर्करोग एकच. माणूस दोनदा आजारी पडतो, आकडा एकदाच वाढतो. तोंडाच्या कर्करोगाचा सर्वाधिक धोका कुणाला, हे शोधायला गावोगाव शिबिरे भरवतात. पण धोक्याच्या यादीत अगदी वरची नावे उपचार होऊन घरी गेलेल्यांची असतात आणि ती रुग्णालयाच्या कपाटात आधीच लिहिलेली असतात.

बरे झालेल्यांनाच पुन्हा धोका का, याचे कारण 1953 सालापासून ठाऊक आहे. संशोधक स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 783 रुग्णांच्या गाठींभोवतीची, वरून निरोगी दिसणारी तोंडातली अंतस्त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा तीही बिघडलेली निघाली. वीस वर्षे खर्रा गालात धरला की गाठ एका जागी येते, पण नासते ते अख्खे शेत. त्यात आपला माणूस उजवी बाजू दुखू लागली की तोबरा डावीकडे धरतो, म्हणजे दुसरी बाजूही तितकीच मुरलेली. खर्रा सोडलाच पाहिजे, पण सोडल्याने धोका हळूहळू उतरतो, एका दिवसात पुसला जात नाही. गोळीचा मार्गही चाचपून झाला: 1990 साली आयसोट्रेटिनॉइनच्या मोठ्या मात्रेने दुसरे कर्करोग कमी झाल्याचे दिसले, पण दुष्परिणाम फार होते. पुढे 1190 रुग्णांवर कमी मात्रा वापरून पाहिली, तेव्हा काहीच साधले नाही. उरते ती नजर.

आणि नेमकी तीच वेळेआधी हटते. मूळ रोग उलटतो तो बहुतेक पहिल्या दोन वर्षांत, म्हणून तेव्हा फेरतपासण्या दाट असतात. नवा कर्करोग मात्र वर्षामागून वर्षे सारख्याच गतीने उगवत राहतो. पाच वर्षे उलटली की डॉक्टर 'वर्षातून एकदा या' म्हणतात. आष्टी-कारंजा तालुक्यांतला शेतमजूर कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून सेवाग्राम-सावंगीची रुग्णालये गाठत नाही. शिवाय सुपारीने आखडलेल्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जात नाहीत, किरणोपचाराने लाळ आटलेली, शस्त्रक्रियेत छातीची कातडी बसवलेली. 'आ' करायला लावून टॉर्च मारणे म्हणजे तपासणी नव्हे. आरशाने गाल बाजूला ओढून शेवटच्या दाढेमागे पाहायचे, हिरडी आणि गालामधल्या खाचेत पाहायचे, जीभ कापसाच्या जाळीत धरून दोन्ही कडा पाहायच्या, हातमोजा घालून बोट फिरवायचे. पाच मिनिटांचे काम आहे.

आक्षेप असा की एवढ्याने जीव वाचतात कशावरून? केरळात 1996 पासून झालेल्या मोठ्या चाचणीत आरोग्यसेवकांनी निव्वळ डोळ्यांनी तोंडे तपासली. तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. सरसकट सगळ्यांत मात्र फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. ही चाचणी उपचारित रुग्णांची नव्हती हे खरे. पण लाभ धोक्याच्या मागे जातो, हे तिने दाखवले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: एकदा किरण दिलेल्या जागी पुन्हा पूर्ण मात्रा सहसा देता येत नाही, मग शोधून करायचे काय? माझ्या मते म्हणूनच लवकर शोधायचे. नखाएवढा व्रण नुसत्या शस्त्रक्रियेने निघतो, जबड्यापर्यंत गेलेला सहसा तेवढ्याने निघत नाही. आणि चट्टा दिसला की 'जुनाच उलटला' म्हणून हात टेकणे चूक आहे. नवा कर्करोग असेल तर तो पुन्हा मुळापासून बरा करण्याच्या बेताने हाताळायचा असतो. खोट्या धास्तीचा प्रश्न राहतो, कारण किरणांनी भाजलेल्या त्वचेवर साधा छालाही भयंकर दिसतो. तिथे तुकडा तपासायला पाठवण्याखेरीज इलाज नाही.

तेव्हा रुग्णालयाने आपली जुनी यादी तालुक्यांप्रमाणे लावावी आणि ग्रामीण रुग्णालयातल्या दंतचिकित्सकाकडे सोपवावी. तुमच्या घरात तोंडाच्या कर्करोगातून बरा झालेला कुणी असेल, तर उपचाराला दहा वर्षे झाली असली तरी त्याला दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायला न्या. पंधरा दिवसांत न भरलेला छाला, पांढरा वा लाल चट्टा दिसला तर सहा महिन्यांचीही वाट पाहू नका. आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा, दुसरा गालही पाहा.